पाणी उतरलेली कुऱ्हाड

मंगळवारच्या बाजारात जुन्या लोखंडाची दुकानं जमिनीवरच लागतात. एक पोतं अंथरायचं. त्यावर किल्ल्या नसलेली कुलपं, कुलपं नसलेल्या किल्ल्या, नळाच्या तोट्या, बिजागऱ्या, एखादा घासून गुळगुळीत झालेला मागाचा धोटा मांडायचा, की झालं दुकान. अशाच एका पोत्यावर, जुन्या स्टोव्हच्या पितळी टाकीला टेकून ती पडली होती. दांडा नव्हता. अंग गंजानं तांबडं झालेलं. धारेला दोन दाते पडलेले आणि मागचा तुंबा ठोकून ठोकून भाकरीच्या कडेसारखा पसरलेला. वीतभर पात्याची, एका हातानं चालवायची लहान कुऱ्हाड.

"केवढ्याला?"

पोत्यामागच्या म्हाताऱ्यानं आधी माझ्या बुटांकडे बघितलं. "अडीचशे."

"धार नाही, दांडा नाही, अन् अडीचशे?"

"धार-दांडा असता तर विकली असती का ओ मी?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. दीडशेला ठरलं.

वर्तमानपत्रात पंचवीस वर्षं काढली. 'कुऱ्हाड' हा शब्द त्या काळात शेकडो वेळा लिहिला असेल, पण तो बहुतेक गुन्ह्यांच्या पानावर. बांधावरून भांडण, कुऱ्हाडीच्या तुंब्यानं मारहाण, दोघांवर गुन्हा. नाहीतर मग मथळ्यात: नोकऱ्यांवर कुऱ्हाड, अनुदानावर कुऱ्हाड. तुंबा म्हणजे पात्याच्या मागचा, दांडा बसतो तो जाड भाग, हे हाताला कळलं ते मात्र त्या मंगळवारी. आपण आयुष्यभर जो शब्द वापरला तो कधी उचलून बघितलाच नव्हता, याची जराशी लाज वाटली. पुढचे दोन महिने मी त्या लाजेची भरपाई करत होतो.

पैसे खिशात गेल्यावर म्हातारा मोकळा बोलायला लागला. "गंजाला भिऊ नका," तो म्हणाला. "गंज वरचा असतो. चीर आतली असते." त्यानं कुऱ्हाडीच्या नेढ्यातून सुतळी ओवली, तिला अधांतरी धरली आणि पान्यानं टिचकी मारली. टण्ण असा लांब आवाज आला. शेजारच्या दुसऱ्या पात्यावर मारली, तर नुसतंच बद्द. त्या दुसऱ्याच्या नेढ्याच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर होती; धूळ भरल्यामुळे मला ती दिसलीच नव्हती. घाव बसला की सगळा हिसका नेढ्याच्या भिंतींवर येतो, म्हणून जुनी कुऱ्हाड मरते ती बहुधा तिथे. मग त्यानं एक झिजकी कानस माझ्या हातात दिली. "धारेवर फिरवा." कानस चावली नाही, काचेवरून घसरल्यासारखी सरकली. तीच कानस तुंब्याजवळ फिरवली तर लोखंडाचा भुगा पडला. म्हणजे धार कडक, अंग मऊ. "चांगल्या लोहाराची हाय. हिचं पाणी शाबूत हाय."

त्याच वेळी एका बाईनं कानडीतून भाव विचारला. त्यातला 'कोडली' एवढा शब्द मला कळला. सोलापुरात हे नेहमीचंच. कानडी माणूस तिला कोडली म्हणतो, पूर्वभागातल्या पद्मशाली घरातली तेलुगू बोलणारी आजी गोड्डली म्हणते, मुसलमान शेजारी कुल्हाडी म्हणतो आणि आपण कुऱ्हाड. बोली चार, पण सरपण एकच. आणि मोडीत निघणं या गावाला नवं नाही. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल मोडीत निघाली, तिच्या मागून इतर गिरण्या गेल्या. इथला माणूस जुन्या लोखंडाकडे बघतो तेव्हा त्यात नुसतं भंगार बघत नाही. 'कशाचं होतं' आणि 'कशाचं होईल' हे दोन्ही प्रश्न त्याच्या डोळ्यांत असतात.

घरी आणल्यावर आईनं विचारलं, "घरात तुळशीशिवाय झाड नाही. कुऱ्हाड कशाला?"

हा प्रश्न मी पुढे ढकलला.

*

गंज काढायला बाजारात औषधं मिळतात, पण स्वयंपाकघरातली चिंच पुरते. मूठभर जुनी चिंच कोमट पाण्यात कोळली आणि पातं रात्रभर त्यात बुडवून ठेवलं. चिंचेतलं आम्ल गंज सैल करतं. पितळेची भांडी घासणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. सकाळी पाणी शाईसारखं काळं झालं होतं. तारेच्या ब्रशनं घासल्यावर तांबडा थर निघून गेला आणि खालून करडं, जागोजाग देवीचे वण असावेत तसं खड्ड्याखड्ड्यांचं अंग वर आलं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुतलं, कारण आम्ल राहिलं तर ते गंजावर न थांबता लोखंडही खायला लागतं. कोरडं केलं, तेलाचं बोट फिरवलं.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मोबाइलवर परदेशातले लोक जुन्या कुऱ्हाडी आरशासारख्या चकचकीत करताना मी पाहिले होते. तिकडे याचा मोठा शौक आहे. स्वीडनमधल्या ग्रान्सफोर्स ब्रूकच्या कुऱ्हाडींवर तर ती घडवणाऱ्या लोहाराच्या नावाची आद्याक्षरं उमटवलेली असतात. माझ्या पात्यावर कुणाचंच अक्षर नव्हतं, पण चकाकी तरी यावी म्हणून मी ते ग्राइंडर असलेल्या एका दुकानात नेलं. पोरानं चाक फिरवलं, ठिणग्यांचा फुलबाजा उडाला. धारेवर आधी पिवळसर, मग जांभळी आणि क्षणात मोरपिशी निळी झाक आली. "काय रंग आलाय!" असं मी म्हणालोही. दहा मिनिटांत धार वस्तऱ्यासारखी, दाते गायब, बिल चाळीस रुपये.

घरी येऊन वाळक्या लाकडाच्या एका तुकड्यावर पहिला घाव घातला. लाकडाला जेमतेम खाच पडली आणि धार कागदासारखी दुमडली.

*

तुळजापूर रस्त्याच्या कडेला एक घिसाडी कुटुंब पाल ठोकून बसतं. घिसाडी म्हणजे फिरते लोहार, सरकारी यादीत भटकी जमात. गावोगावच्या बाजारांना, जत्रांना हे लोक जातात. विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी घडवतात आणि जुनी हत्यारं शेवटून देतात. 'शेवटणं' हा शब्द शहरात आता कुणी वापरत नाही. झिजलेल्या अवजाराचं तोंड तापवून, ठोकून, ओढून पुन्हा धारेला आणायचं, ते शेवटणं. नाव शेवटाचं असलं तरी काम पुन्हा सुरुवात करून देण्याचं आहे.

गोणपाटात गुंडाळून कुऱ्हाड मोटारसायकलच्या पिशवीत टाकली आणि चार पुतळ्यांवरून त्यांच्याकडे निघालो. तिथे आलं की १९३० आठवतं. त्या वर्षी ८ मे रोजी सोलापुरात रूपाभवानीच्या बाजूला जमाव शिंदीची झाडं तोडायला गेला होता. शिंदीतून ताडीसारखं मद्य निघतं, दारूतून सरकारला महसूल मिळतो, म्हणून झाड पाडणं हा सत्याग्रह. पोलिसांनी अटक केली, लोक भडकले, गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. पुढच्या काही दिवसांत शहरावर मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चार पुतळे त्यांचेच. सुरुवात झाडाच्या बुंध्यावरच्या घावापासून झाली होती, हे शहराच्या गजबजाटात कुणाच्या लक्षात येत नाही. गोणपाटातलं ओझं मला त्या दिवशी जरा जड वाटलं.

पालापुढची भट्टी म्हणजे जमिनीतला खड्डा. चामड्याच्या भात्याची जागा आता हातानं फिरवायच्या लोखंडी पंख्यानं घेतली आहे. शेजारी रोवलेली ऐरण, ती बैलगाडीच्या जुन्या आसाएवढी जुनी. लोहारमामा विस्तवाजवळ बसून सांडशी धरतात आणि घण मारतात त्या मामी. साडीचा पदर कमरेला खोचून, पाय रोवून, सात-आठ शेराचा घण डोक्यावरून आणून नेमका मामांच्या हातोडीनं दाखवलेल्या जागी. तोंडानं काही बोलायचं नाही. मामांची हातोडी टुक वाजली की मामींचा घण धाड.

मामींनीच पातं आधी हातात घेतलं, उन्हाकडे तिरपं धरलं. धारेवरची निळी झाक अजून होती.

"कुनी हो पानी उतरवलं हिचं?"

कुणी, ते मी सांगितलं नाही. बहुतेक चेहऱ्यावर दिसलंच.

माणसाचं पाणी उतरतं, कुणाचं पाणी जोखलं जातं, कुणी पाणीदार असतो. बोलताना हे शब्द किती सहज येतात. भट्टीपाशी बसलं की त्यांचा अर्थ डोळ्यांनी बघता येतो. पोलाद लाल होईस्तोवर, म्हणजे आठशे अंशांच्या आसपास तापवून झटकन गार केलं की ते काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच ठिसूळ. मग ते पुन्हा हलकं तापवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा. किती, ते वरचा रंग सांगतो. सव्वादोनशे अंशांच्या सुमाराला कडब्यासारखा पिवळा, मग तपकिरी, पावणेतीनशेच्या सुमाराला जांभळा, तीनशेकडे निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबायचं, कुऱ्हाडीला जांभळ्या-निळ्याच्या उंबऱ्यावर, कारण तिला धारेइतकाच मारही सोसायचा असतो. निळ्याच्याही पलीकडे गेलं की कडकपणा संपला. ग्राइंडरच्या चाकानं माझ्या कुऱ्हाडीची पातळ धार सगळे रंग ओलांडून पुढे नेली होती, आणि मी त्या रंगांचं कौतुक करत उभा होतो.

"पाट्याची हाय ही," मामा म्हणाले. पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीचा. सोलापूर पुणे-हैदराबाद आणि धुळ्याकडून विजापूरकडे जाणाऱ्या महामार्गांच्या चौफुलीवर बसलं आहे. ट्रकांच्या कमानी तुटतात, भंगारात येतात आणि त्या पट्ट्यांतून इकडचे विळे-कुऱ्हाडी होतात. वाकून पुन्हा सरळ होणारं हे पोलाद, त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ओझं वाहून थकलेल्या लोखंडाला इथे दुसरा जन्म मिळतो. माझ्या कुऱ्हाडीचा हा बहुधा तिसरा असावा.

मामांनी पातं विस्तवात सरकवलं. पंख्याचा दांडा फिरवायला मला बसवलं; "हळू, देवाची आरती नाय चालली," असं एकदा ऐकवलंही. पळसाच्या फुलाचा रंग चढल्यावर त्यांनी ते ऐरणीवर घेतलं आणि मामींचा घण सुरू झाला. दुमडलेली, मऊ पडलेली कड ठोकून आत दाबली, पातं पुढे ओढलं, दोन्ही बाजूंनी सारखं केलं. पसरलेला तुंबाही चारी बाजूंनी ठोकून आवळला. पुन्हा विस्तव, पुन्हा घण. तिसऱ्या खेपेला आकार आला.

मग पाणी. मामांनी पत्र्याच्या डब्यात इंजिनाचं वापरलेलं काळं तेल ओतलं. मी म्हणालो, "पाण्यात नाही बुडवायची?"

"पाट्याची पान्यात चिरती. हिला तेल."

"मग तेल दिलं म्हणायचं."

"तेलात दिलं तरी म्हनायचं पानीच."

फक्त धारेकडची तीन बोटं तेलात गेली. भपकन जाळ उठला, काळा धूर झाला. तुंबा अजून बाहेर लालच होता. मामांनी पातं बाहेर काढून दगडाच्या तुकड्यानं धार खसाखसा घासली, पांढरी केली आणि डोळे बारीक करून बघत राहिले. मागच्या तापलेल्या अंगातली ऊब धारेकडे चालत येत होती, आणि तिच्यासोबत रंग. पिवळा आला. मामा हलले नाहीत. तपकिरी आला. मामी म्हणाल्या, "आता." मामा तरीही हलले नाहीत. जांभळा धारेच्या टोकाला टेकला आणि सबंध पातं तेलात गेलं.

हे सगळं मिळून दहा-बारा श्वासांचं काम. घड्याळ नाही, तापमापक नाही. मला ग्राइंडरपाशी दिसलेलेच रंग, त्याच क्रमानं. मी त्यांना शोभा समजलो होतो. ही दोघं त्यांच्यावरून वेळ वाचत होती.

मामांनी दोनशे मागितले. बाजारात नवी कुऱ्हाड, दांड्यासकट, चारशेला मिळते. दीडशे, चाळीस आणि दोनशे म्हणजे दांड्याआधीच मी तिथपर्यंत पोचलो होतो. दुरुस्ती नव्याच्या भावाला जाऊन भिडली की लोक दुरुस्ती सोडतात, आणि लोकांनी सोडली की मामांच्या पालापुढची गर्दी आटते. पूर्वी हा हिशेब असा घावाघावाला होत नसे. बलुतेदारीत लोहार वर्षभर कुणब्याची अवजारं शेवटायचा, सुतार दांडे बसवायचा, आणि खळ्यावर रास झाली की दोघांना धान्याचा वाटा मिळायचा. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाड्या'त बलुत्याची ही रीत तिच्या जाचासकट सविस्तर आली आहे. ती परत यावी असं कुणी म्हणणार नाही. जन्मानं बांधलेलं काम होतं ते. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत होती, की अवजार घेणं एकदाच होतं आणि सांभाळणं दरवर्षी.

*

पातं झालं तरी कुऱ्हाड अजून अर्धीच. आपल्याकडची फार जुनी धातूची पाती म्हणावीत तर संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला १९५०-५१ च्या उत्खननात सापडलेल्या तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी. तीन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांना नेढं नाही. लाकडाच्या फटीत पातं बसवून बांधून टाकायचं. नेढं आलं आणि दांडा आरपार गेला, तेव्हा घावाचं बळ वाढलं. पण त्याबरोबर एक भीतीही आली, पातं निसटून उडण्याची.

दांड्यासाठी मी मोहोळ तालुक्यातल्या आमच्या रानात गेलो. थोरल्या भावानं गोठ्याच्या आढ्यावर देशी बाभळीची दोन वर्षं सावलीत वाळलेली फांदी जपून ठेवली होती. बाभूळ जड, चिवट, हिसका पचवणारी. घाटातल्या जंगलात धावड्याला मान. आमच्या कोरडवाहू मुलखात बाभूळ नाहीतर बोर. गावातल्या सुतारानं फांदी चिरून वाकसानं तासायला घेतली तेव्हा मी मोजपट्टी पुढे केली. त्यानं ती बाजूला सारली, माझा हात कोपरापासून मुठीपर्यंत लांब करायला लावला आणि तेवढं माप धरलं. तासताना तो सारखा लाकडाच्या रेषा बघायचा. रेषा मुठीपासून नेढ्यापर्यंत सरळ पळाल्या पाहिजेत. मध्येच कडेला निघून गेल्या तर दांडा तिथे मोडणार.

वरच्या टोकाला करवतीनं चीर पाडली, दांडा नेढ्यात ठोकला आणि त्या चिरेत वाळलेल्या लाकडाची पाचर बसवली. एरवी दुसऱ्याच्या कामात पाचर मारणारा माणूस आपल्याला नको असतो. इथे मात्र सगळी भिस्त पाचरेवर.

"सैल झाली की पाण्यात टाकून ठेवतात ना?" मी विचारलं.

"ठेवतात की. म्हणूनच अजून सैल होती." पाण्यानं लाकूड फुगतं, नेढ्याच्या लोखंडावर दाबून त्याचे तंतू चेपतात, आणि वाळलं की ते पहिल्यापेक्षा बारीक होतं. सोलापूरचा एप्रिल-मे, चाळीसच्या वरचा पारा, कोरडी हवा. इथे दांडा आखडतोच. उपाय एकच, पुरतं वाळलेलं लाकूड घ्यायचं आणि त्याला तेल पाजायचं.

कोणतं तेल, याचं उत्तर सोलापूरकराच्या घरातच असतं. करडईचं. शेंगदाण्याचं तेल लाकडावर चिकट राहतं. करडईचं तेल हवेनं हळूहळू वाळतं आणि त्याचा पातळ पापुद्रा होतो, म्हणून तर चित्रकारही ते रंगांत वापरतात. करडईचं तेल खूप तापवून दाट केलं की रोगण होतं. मोटेच्या चामड्याला पाण्यापासून राखायला पूर्वी ते लावत. मी चार दिवस रोज रात्री हातानं तेल चोळलं. पाचव्या दिवशी दांडा माझ्या हाताच्या रंगाचा झाला होता.

धार शेवटी निसण्यावर लावली. ग्राइंडरचं नाव काढलं नाही. धारेची पोकळ खापरी करायची नाही, तिला मसुरीच्या दाण्यासारखं किंचित पोट ठेवायचं; पोटामुळे ढलपी बाजूला फेकली जाते, पातं लाकडात अडकत नाही.

*

आता आईच्या प्रश्नाला उत्तर देणं भाग होतं. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि ती लागावीच. राळेगणसिद्धीनं ग्रामविकासाची जी सूत्रं घालून दिली त्यात नशाबंदी आणि चराईबंदीच्या बरोबरीनं कुऱ्हाडबंदी आहे. ज्या राज्यात कुऱ्हाडीला बंदी हा विकासाचा मंत्र झाला, तिथे मी दोन महिने आणि पाचशे रुपये खर्चून कुऱ्हाड सावरत होतो.

भावाकडे याचं उत्तर तयार होतं. आमच्या ओढ्याच्या काठानं वेडी बाभूळ माजली आहे. अमेरिका खंडातून आणलेलं हे झाड. पाणी नसलं तरी वाढतं, काटा असा की चप्पल भेदून टाचेत जातो, आणि ओढ्याची वाट कधी गिळली ते कळतही नाही. "ही काढ," भाऊ म्हणाला. "हिच्यासाठी कुणी बंदी नाही घालत."

पहिला घाव घातला तेव्हा ढलपी उडून बांधावर पडली. धार बघितली. दुमडली नव्हती. दुसरा, तिसरा. हाताला हिसका आला नाही, दांड्यानं तो मध्येच कुठेतरी पिऊन टाकला. मामींनी 'आता' म्हटल्यावरही मामा का थांबले होते, ते दहाव्या घावाला समजलं.

भाऊ झाडाखाली बसून शेंगा बघत होता. एक देशी बाभळीची, मण्यांच्या माळेसारखी. एक वेडीची, पिवळसर आणि फुगीर. "दोन्ही शेंगेचीच जात," तो म्हणाला. "तुझा दांडा देशी बाभळीचा. म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

"लांबचं गोत आहे," मी म्हणालो.

"लांबचं असलं तरी जेवायला येतंच की."

दुपारपर्यंत चार झाडं पडली. भावानं बुंध्याकडे बोट दाखवलं: वेडी बाभूळ तोडली म्हणजे संपत नाही, त्याच खुंटातून पावसाळ्यात दहा फांद्या फुटतात. पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागणार. तोवर धार झिजेल, पाचर हलेल, आणि मला पुन्हा तुळजापूर रस्त्यावर जाऊन पंख्याचा दांडा फिरवायला बसावं लागेल. हळू.